सहाव्या सांध्याचं भांडण

"साहेब, गळतंय."

देवराम काकडनं हे तिसऱ्यांदा सांगितलं. पहिल्यांदा हळू, दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं. आता तो हातातली यंत्राची सोंड खाली न ठेवता तसाच उभा राहिला.

"काका, गळत नाहीये," ललितसाहेब म्हणाले. "फुगे आहेत ते."

आणि पंचाईत अशी, की फुगे होतेच. छताला चिकटलेले, निळे-पांढरे, तीनशेच्या वर. काल टम्म होते, आज त्यांच्या अंगाला सुरकुत्या पडायला लागल्या होत्या. आतला हेलियम रात्रभरात खोलीत पसरला होता. आता कोणी विचारेल, फुग्यांचा आणि गळतीचा काय संबंध? तर सातपूरच्या त्या कारखान्यात देवरामचं कामच मुळी हेलियम हुंगायचं होतं.

उपग्रहाच्या पोटात इंधन खेळवणाऱ्या टायटॅनियमच्या नळ्या ही कंपनी बनवायची. करंगळीएवढ्या नळ्या, एका संचात बारा सांधे, प्रत्येक सांधा वेल्डिंगनं जोडलेला. संच तयार झाला की त्यात दाबानं हेलियम भरायचा आणि यंत्राची रबरी नळी, जिला सगळे सोंड म्हणत, एकेका सांध्याभोवती फिरवायची. डोळ्याला न दिसणारं भोक असलं तरी हेलियम त्यातून बाहेर येतो, सोंड त्याला ओढून घेते आणि यंत्राचा काटा उडतो. हवेत हा वायू नसल्यातच जमा, म्हणून तर हे सगळं जमतं. अशा बिनखिडकीच्या खोलीत तीनशे हेलियमचे फुगे सोडायचे, म्हणजे कांद्याच्या चाळीत बसून कोणी कांदा खाल्लाय ते वासावरून ओळखायला जायचं.

आणि हे फुगे भरले कोणी? देवरामनंच.

झालं असं, की मार्च सत्त्याण्णवमध्ये मालकांना कुठल्याशा विलायती संस्थेचं गुणवत्तेचं सर्टिफिकेट मिळालं. गुणवत्तेचं बरं का! कारखान्यातली सगळ्यात चकाचक खोली टेस्टिंगची, म्हणून कार्यक्रम तिथं. आदल्या दिवशी मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "देवराम, फुगे वर तरंगले पाहिजेत हं. आपल्याकडे गॅस आहे ना?" देवरामला नाही म्हणता आलं असतं. खोलीचा बट्ट्याबोळ होईल हे त्याच्याइतकं कोणाला कळत होतं? पण मालकांनी चारचौघांत नावानं हाक मारली आणि गडी पाघळला. दुपारभर बसून त्यानं एकेक फुगा भरला, गाठ मारली, वर सोडला. वर फुगा जाताना बघून हसलासुद्धा.

माणूस सातवी पास. काकड मंडळी मखमलाबादची, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधून पंचवटीच्या बाजारात नेणारी. देवरामला मातीत राम वाटला नाही. त्यानं पंचवटीतच पाच वर्षं सायकलची पंक्चरं काढली, मग कंपनीत हेल्पर म्हणून चिकटला. उपग्रहाचं काम आलं तेव्हा आधी डिग्रीवाल्यांना त्या यंत्रावर बसवून बघितलं. त्यांचा हात घाई करायचा. देवरामचा हात करत नव्हता, कारण पाण्यात बुडवलेल्या ट्यूबचा बुडबुडा घाई करणाऱ्याला दिसत नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. शेवटी कंपनीनं त्याला तपासनिसाचा शिक्का दिला, चार नंबरचा. हळूहळू असं झालं, की देवरामनं 'गळत नाय' म्हटलं म्हणजे गळत नाही. बंगलोरहून येणारे उपग्रहवाले साहेब लोकसुद्धा मग पुढं विचारत नसत. या एका वाक्याच्या जिवावर तो माणूस कारखान्यात ताठ मानेनं वावरायचा. दुसरं त्याच्याकडं होतं तरी काय?

"साहेब, फुग्याचा काटा आन गळतीचा काटा येगळा असतो," देवराम सांगत होता. "फुग्याचा काटा डुलतो. कुठंबी न्या, डुलतोच. ह्यो सहा नंबरच्या सांध्यावर आलो की उडतो, सोंड काढली की बसतो."

"किती उडतो?"

"डायलवरचं अर्धं घर."

"आणि नुसता डुलतो किती?"

देवरामनं काट्याकडं बघितलं. डुलत होता दोन घरं.

"मग? दोन घरं हलणाऱ्या काट्यात तुम्हाला अर्धं घर दिसलं?"

"दिसलं."

"काका, काहीतरीच काय बोलता!"

"मला आजचा दिवस द्या. फुगे काढतो, पंखे लावतो, त्या सांध्याला पिशवी बांधून ठेवतो. उद्या सकाळी पिशवीतली हवा हुंगली की दूध का दूध, पानी का पानी."

"गाडी चार वाजता निघतेय. बंगलोरला परवा संच हातात पाहिजे. उशिराचं कारण काय लिहू?" ललितसाहेबांनी वर बोट केलं. "लिहू का, की टेस्टिंगच्या खोलीत फुगे सोडले आणि सोडणाऱ्याचं नाव देवराम काकड?"

मालकांचं नाव ते घेणार नव्हते, आणि देवरामलाही घेता येणार नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

ललितसाहेब काही वाईट माणूस नव्हते. वय सत्तावीस, क्वालिटीची खुर्ची नुकतीच मिळालेली, वरून मालक टोचणार आणि खालून काका. पण त्या दिवशी दोघांनाही माघार घेणं म्हणजे नाक कापून घेणं वाटत होतं. सकाळी दहाला सुरू झालेलं भांडण दुपारी अडीच वाजले तरी सहाव्या सांध्यावरच. मधेच देवराम रागारागानं सातवर, आठवर सोंड फिरवून यायचा आणि पुन्हा सहावर येऊन म्हणायचा, "ह्ये बघा, उडला!" साहेब म्हणायचे, "डुलला." चहा आला, थंड झाला, गेला. पॅकिंगचा बहिरू तीनदा डोकावून गेला, "काका, खोका आनू का?" तिसऱ्यांदा देवराम त्याच्या अंगावर असा खेकसला, की बिचारा आल्या पावली परत गेला. वड्याचं तेल वांग्यावर निघालं.

तीन वाजता ललितसाहेबांनी तपासणीचा कागद पुढं ओढला, खोलीतल्या हेलियमच्या रकान्यात 'नेहमीइतका' असं लिहिलं, सही केली आणि कागद देवरामकडं सरकवला.

"घ्या. ही जबाबदारी माझी. आता तुम्ही आकडे भरा आणि शिक्का मारा."

"वर जाऊन कोन दुरुस्त करनार, साहेब?"

साहेब घड्याळाकडं बघत होते.

देवराम स्टुलावर बसला. त्यानं रकाने भरले आणि शिक्का उचलून बारा चौकटींत बारा वेळा आपटला. आपटताना त्याच्या मनात एकच सांधा होता, सहावा. चारला गाडी गेली. पाच वाजता त्यानं शिडी लावून फुगे काढले आणि टाचणीनं एकेक फोडला.

दोन वर्षांनी उपग्रह वर गेला. कारखान्यात पेढे वाटले. देवरामनं त्याचा पेढा रुमालात बांधून घरी नेला आणि झुंबरबाईच्या हातावर ठेवला.

"तुमची नळी आभाळात गेली आन तोंड असं का?" बायकोनं विचारलं.

"कुठं काय?"

पण झुंबरबाई ऐकणारी बाई नव्हती. तिनं खोदून खोदून सगळं काढून घेतलं. त्यालाही कोणाला तरी सांगायचंच होतं. वर गेल्यावर उपग्रह जागेवरनं हलतो, त्याला ढकलून जागेवर आणायला इंधन लागतं, ते संपलं की मग तो कितीही चांगला असो, निकामी, असं त्यानं तिला समजावून सांगितलं.

"म्हंजे घासलेट संपलं की स्टो बंद."

"तसंच."

"मग द्येवाला हात जोडा, गळू नको म्हनावं."

देवरामनं हात जोडले. खरोखरच रोज जोडले. आणि दोन हजार तीनच्या पावसाळ्यात पेपरच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी आली. उपग्रहातलं इंधन अपेक्षेपेक्षा लवकर कमी झालंय, दहा वर्षांचं आयुष्य पाच वर्षांवर येईल. टीव्ही आणि टेलिफोनची सोय दुसरीकडं हलवण्यात येत आहे.

त्या दिवसापासून देवरामनं ललितसाहेबांना मनातल्या मनात शिव्या द्यायला सुरुवात केली. सकाळी दाढी करताना शिवी, कंपनीच्या बसमध्ये चढताना शिवी. साहेब एव्हाना जनरल मॅनेजर झाले होते, काचेच्या केबिनमध्ये बसत होते. दिसले की आपुलकीनं म्हणायचे, "काय काका, बरंय ना?" देवराम मान हलवायचा आणि मनात म्हणायचा, मुडद्या, सहा नंबर गळतोय वर. तुझ्यामुळं गळतोय.

"शिक्का कुनी मारला?" एकदा झुंबरबाईनं भाकरी थापता थापता विचारलं.

"मीच."

"मग त्याला कशाला शिव्या घालता?"

तो तसाच पानावरून उठला. दोन दिवस बायकोशी बोलला नाही.

कामात मात्र तो आणखी कडक झाला. त्याच्या हाताखाली प्रतिभा नावाची टेस्टर होती, ओझरहून येणारी, डिप्लोमा झालेली, दोन लेकरांची आई. तिला त्यानं यंत्र तर शिकवलंच, पण कागद वाचायलाही शिकवलं. "दोन सांध्यांचा आकडा कधी सारखा येत नसतो पोरी. एकाखाली एक सारखे आकडे दिसले का समजायचं, लिहिनाऱ्याला घरी जायची घाई व्हती." प्रतिभा हसायची. तोही हसायचा.

पुढच्या फेब्रुवारीत बंगलोरहून चौकशीला माणसं आली. एक पन्नाशीच्या मॅडम, मूळच्या बेळगावच्या, आणि त्यांच्यासोबत कागद सांभाळणारा एक तरुण. देवरामला आदल्या दिवशी निरोप मिळाला. निवृत्तीला आठ महिने उरले होते. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला, पायात लग्नाकार्याच्या चपला घातल्या. काय बोलायचं ते सहा महिने घोकून तयार होतं.

मालकांच्या मोठ्या टेबलाशी मॅडम बसल्या होत्या, शेजारी ललितसाहेब. देवरामनं बसायला नकार दिला आणि उभ्यानंच सगळं ओकून टाकलं. सर्टिफिकेट, फुगे, डुलणारा काटा, सहावा सांधा. मालकांनी सांगितलं आणि मी फुगे भरले, माझी अक्कल शेण खायला गेली होती, हेही सांगितलं. आणि शेवटी कागदावर बोट ठेवलं. "हितं 'नेहमीइतका' लिहिलंय, ते ह्या साहेबांनी लिहिलंय. खोटं लिहिलंय. मी म्हनत व्हतो गळतंय."

ललितसाहेबांचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. देवरामला ते बघून बरं वाटलं. खोटं कशाला बोला, लय बरं वाटलं.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "काका, सहावा सांधा कुठल्या बाजूला येतो?"

"डाव्या फांदीला. एक ते आठ डाव्या, नऊ ते बारा उजव्या."

"तुम्ही बसा आधी." मग त्या सावकाश सांगायला लागल्या. "वर कोणी जाऊ शकत नाही, पण झडपा आम्हाला इथून उघडता-मिटता येतात. गळती आहे हे कळल्यावर आम्ही एकेक झडप मिटत गेलो आणि दाब बघत बसलो. सोळा दिवस तेच केलं. डावी फांदी मिटली, तरी दाब उतरतच होता. मग उजवी मिटली, आणि थांबला. तेव्हापासून ती मिटलेलीच आहे, डाव्या बाजूच्या इंजिनांवर कसंबसं चाललंय. पण तोवर निम्म्याहून जास्त इंधन गेलं होतं." त्या थांबल्या. "तुमचा सहावा सांधा शाबूत आहे, काका. पाच वर्षांत त्यातून काहीही गेलेलं नाही."

ललितसाहेबांनी मोठा श्वास सोडला. "मी तेव्हाच म्हणत होतो," ते म्हणाले, आणि त्यांना हसू आवरेना. "फुगे होते, काका. फुगे!"

देवरामला वाटलं, जमिनीनं आपल्याला पोटात घ्यावं. काटा उडला नव्हता. डुलला होता. ज्या हातावर, ज्या डोळ्यावर पंचवीस वर्षं जगलो, त्यांनी त्या दिवशी हट्टापायी नसलेली गळती दाखवली. आणि त्या माणसाला आपण उठताबसता शिव्या दिल्या.

मॅडमनी तपासणीचा कागद त्याच्याकडं फिरवला. "आता प्रश्न उजव्या फांदीचा आहे. नऊ, दहा, अकरा, बारा. यांच्याबद्दल काही आठवतंय?"

देवरामनं कागद बघितला. सात वर्षांपूर्वीचं स्वतःचं अक्षर. एक ते आठ, आठ वेगवेगळे आकडे. नऊला आठव्याचाच आकडा. दहाला तोच. अकराला तोच. बाराला तोच.

आणि मग त्याला सगळं लख्ख दिसलं. स्टूल, पेन, घड्याळाकडं बघणारे साहेब, डोक्यात घणघणणारा राग. टेबलाच्या त्या टोकाला तो गेलाच नव्हता. अख्खा दिवस सहाव्याशी भांडत बसला आणि उजवी फांदी तशीच राहिली. रागाच्या भरात वरचा आकडा खाली ओढला आणि शिक्का आपटला. त्यानंतर एकदाही, सहा महिने शिव्या घोकतानासुद्धा, त्याला ते चार सांधे आठवले नव्हते.

"सगळे तपासलेत, मॅडम," त्याच्या आधी ललितसाहेबच बोलले. आता त्यांचा आवाज मोकळा झाला होता. "शिक्का आहे ना. काकांनी 'गळत नाही' म्हटलं म्हणजे गळत नाही, तुमचीच माणसं म्हणायची. नंतर बसवताना, हलवताना काय झालं असेल ते आम्हाला कसं माहीत असणार?"

मॅडम देवरामकडं बघत होत्या. नुसती मान हलवायची होती. आठ महिन्यांनी हारतुरे घेऊन घरी जायचं होतं. सारखे आकडे मॅडमना दिसले होते की नव्हते, देव जाणे.

"नाय तपासले," देवराम म्हणाला.

"काका!" ललितसाहेब.

"सहाव्याच्या भांडनात ऱ्हायले. ह्ये चार आकडे मी मनानं टाकलेत. साहेबांना ठावं नव्हतं. शिक्का माझा हाय."

मॅडमनी ते लिहून मागितलं. चार ओळी लिहायला देवरामला पाव तास लागला. मॅडमनी कागद वाचला, घडी घातली आणि फाईलमध्ये ठेवला. त्या रागावतील असं त्याला वाटलं होतं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "जा तुम्ही, काका."

बाहेर पडवीत ललितसाहेबांनी त्याला गाठलं. "हात दाखवून अवलक्षण! काय मिळवलंत? माझ्यावर ढकलायला आला होतात ना?"

"व्हय," देवराम म्हणाला. "त्यासाठीच आलतो."

साहेबांनी हात पुढं केला आणि देवरामनं खिशातला शिक्का काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. उद्यापासून स्टोअरमध्ये बसा, असं साहेब म्हणाले.

डब्याची पिशवी टेस्टिंगच्या खोलीत राहिली होती. तो आत गेला तेव्हा प्रतिभानं एक नवा संच टेबलावर मांडलेला होता. बारा सांधे, हेलियम भरून तयार. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि नजर खाली घेतली. म्हणजे बातमी त्याच्या आधी पोचली होती.

"सुरू केलं का?"

"नाही काका. आत्ता करणारच होते."

"आन हिकडं."

प्रतिभानं सोंड दिली आणि बाजूला सरकली. देवरामनं एकपासून सुरुवात केली. प्रत्येक सांध्याभोवती सोंड फिरवली, थांबला, काटा बघितला, आकडा मोठ्यानं सांगितला. प्रतिभा लिहीत गेली. टेबलाला वळसा घालून तो पलीकडं गेला. नऊ. दहा. अकराला तो जरा जास्तच थांबला. बाराव्यानंतर त्यानं सोंड पुसली आणि जागेवर अडकवली. पाऊण तास गेला होता.

"गळत नाय," तो म्हणाला.

"हो काका," प्रतिभा म्हणाली. तिचा शिक्का तिच्या समोर पडला होता. तिनं तो उचलला नाही.

देवरामनं पिशवी घेतली. तो दाराशी पोचला तेव्हा मागं यंत्राची टिकटिक सुरू झाली. प्रतिभानं कोरा कागद घेतला होता आणि ती सोंड घेऊन पहिल्या सांध्यापाशी उभी होती.

तो क्षणभर बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बरोबर करत होती पोरगी. मनगट सैल होतं, हात घाई करत नव्हता. त्यानंच तर शिकवलं होतं.

बाहेरचा वारा आत जाऊन काटा हलायला नको म्हणून त्यानं दार हळू ओढून घेतलं.